शिवप्पांची जांभई

शिवप्पांनी मोठी जांभई दिली, आणि लकव्यानंतर चादरीवर ओंडक्यासारखा पडून असलेला त्यांचा उजवा हात आपसूक छातीपर्यंत वर आला. बोटं थरथरली. महादेवी शेजारी बसून नवऱ्याला पेज भरवत होती. तिने झटकन मान फिरवली आणि तोंडापुढे कोपर धरलं. पेज सांडली.

"हात उचलला की दादानं," नणंद गुरम्मा म्हणाली आणि तिने लगोलग सिद्धेश्वराला नारळ बोलला. मुलगा अनिलकुमार मोबाईल धरून पुढच्या जांभईची वाट बघत बसला. व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. पेज कशाने सांडली हे कुणी विचारलं नाही. महादेवीने ती पुसून घेतली.

शिवप्पा नवी पेठेत साड्यांच्या दुकानात सेल्समन होते. ढीगभर साड्या उलगडायला लावून काही न घेता उठणाऱ्या बाईलाही ते हसून नमस्कार करत. माणूस लोण्यासारखा, असं गिऱ्हाइकं म्हणायची. लोणी दुकानातच संपायचं. घरी यायचा तो हात. आमटी खारट झाली म्हणून, दार उशिरा उघडलं म्हणून, कधी काहीच झालं नाही म्हणूनही. महादेवीचा डावा कान त्यातच गेला. गुरम्माला सगळं माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच ती म्हणायची.

व्यायाम शिकवायला उत्कर्षा नावाची फिजिओथेरपिस्ट आली. तिने स्पष्टच सांगितलं, की जांभईबरोबर हात उठतो तो आपोआप, त्यांच्या मर्जीने नाही. त्यावर भरवसा ठेवू नका. पण रोज व्यायाम दिला तर हातात थोडीफार ताकद येऊ शकते, नाही दिला तर तो आखडेल. पायाचंही तसंच.

"काकू, हे तुम्हालाच करावं लागणार," ती म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. महादेवीनेही डोलावली. ज्याचं जळतं त्याला कळतं. इथे कुणाला सांगायचं?

दुसऱ्या दिवसापासून तिने पाय धरला. तेल लावून, टाच तळहातावर घेऊन गुडघा दुमडायचा, सोडायचा, स्वतःला घाम फुटेपर्यंत. नवऱ्याने चालावं असं तिला मनापासून वाटत होतं. त्यांना संडासाला न्यायचं बळ तिच्या कमरेत उरलं नव्हतं. दिवाळीपर्यंत शिवप्पा भिंत धरून चार पावलं टाकू लागले, आणि श्रेय गुरम्माच्या नारळाला गेलं.

सून श्रीदेवी कामावरून आली की विचारायची, "आत्या, हाताचा व्यायाम झाला?"

"व्हय, झाला की," महादेवी म्हणायची.

एका दुपारी घरात दोघंच असताना शिवप्पांनी डाव्या हाताने तिचा पदर ओढला आणि उजव्या हाताकडे बोट दाखवलं. त्याची बोटं आता तळव्यात घट्ट वळली होती. लकव्याने वाचाही गेली होती, पण डोळे भरले होते. त्यांना सगळं कळलं होतं. महादेवीला वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं. तिने पदर सोडवून घेतला.

"चालाय लागलासा, लई झालं," ती म्हणाली. "हात ऱ्हाऊ द्या."

तिने तो हात उचलून उशीवर नीट ठेवला, त्याच्यावर चादर ओढली, आणि तेलाची वाटी घेऊन पायांशी जाऊन बसली.