किहीमच्या बागेतली कायमची संध्याकाळ

मी एक चित्र बोलतंय. भिंतीवरचं नव्हे, कॉम्प्युटरमधलं. जी बाग अजून झालीच नव्हती, ती दिवे लागल्यावर कशी दिसेल हे दाखवायला माझा जन्म झाला. माझ्यात कायम संध्याकाळ असते. आकाश जांभळं, माड ताठ, पाचोळा नाही आणि डास तर औषधालाही नाही.

मला घडवलं कल्पितानं. अलिबागला सायकलच्या दुकानावर तिची एका खोलीची कचेरी आहे. बागेत कुठे कोणता दिवा लावायचा, हे ती गिऱ्हाइकाला आधी चित्रात दाखवते. स्वतःच्या नावावरचं तिचं पहिलं काम म्हणजे मी. जन्मताना मी नुसते ठिपके होतं. कॉम्प्युटर घरघरत होता आणि ठिपक्यांतून हळूहळू माड निघाले, पायवाट निघाली, बंगल्याचा जिना निघाला. कल्पिताचा चहा गार झाला, पण तिचं लक्ष माझ्यावरून हललं नाही.

बंगला दिपेशचा. तो आणि त्याची बायको अमिषा मुंबईला असतात. बंगला किहीमला त्यांच्या वाडीत; तिथे राहते त्याची आई, आवडाबाई. पहिल्याच भेटीत दिपेश म्हणाला होता, "आई तिन्हीसांजेला मागच्या दारानं विहिरीवर जाते. मागे एकदा घसरली होती. तिथं आधी उजेड करा, मग पुढच्या बागेत काय ते सजवा."

कल्पितानं आराखड्यात विहिरीच्या वाटेवर तीन साधे दिवे टाकले. ते माझ्यात दिसत नव्हते, कारण मी फाटकातून पाहिलेलं चित्र. घराची पाठ मला कधी दिसलीच नाही.

मग अमिषानं मला पाहिलं. मी तिला फार आवडलं, म्हणून तिनं मला बदलायला घेतलं. माडांच्या बुंध्याशी दिवे आले, पायऱ्यांखाली दिवे आले. शेवटी ती म्हणाली, "एक छोटं तळं हवं. पाण्यातून उजेड यायला हवा."

"ठरलेल्या पैशात तळं घेतलं तर दुसरीकडचं काहीतरी कमी करावं लागेल," कल्पिता म्हणाली.

"मागचे तीन काढ ना. तसेही ते कुठे दिसतायत?"

दिपेश फोनवर बोलत होता. त्यानं मान हलवली. ती आम्हाला की फोनला, देव जाणे. कल्पिताचं बोट क्षणभर थांबलं. मग तिनं ते तीन दिवे पुसले. माझ्यात तसूभरही फरक पडला नाही. उलट तळ्यामुळे मी जास्तच देखणं झालं.

वास्तुशांतीच्या संध्याकाळी मला मोठं छापून दिवाणखान्यात उभं केलं होतं. बाहेर खरी बाग उजळली. पाहुणे आधी मला बघायचे, मग खिडकीबाहेर, आणि म्हणायचे, "अगदी चित्रासारखं!" मी फुशारलं. पानं वाढली तेव्हा अमिषा सगळ्यांना तळ्याकाठी उभं करून फोटो काढत होती.

पुढचं मी पाहिलं नाही. कल्पिता दुसऱ्या दिवशी तिच्या आईला सांगत होती, तेव्हा तिच्या स्क्रीनवर मी उघडं होतं म्हणून कळलं.

आवडाबाईंच्या पाया पडावं म्हणून कल्पिता त्यांना शोधत मागच्या दाराशी गेली. मागे मिट्ट काळोख. विहिरीजवळ कळशी आडवी पडलेली आणि शेजारी आवडाबाई मनगट धरून बसलेल्या.

"काकी! थांबा, दिपेशना हाक मारते."

"आरडू नको गो. पाव्हणं जेवतायत."

"पण या काळोखात आलात कशाला? घरात नळ आहे ना?"

"नळाचं पाणी द्येवाला चालत न्हाय." मग त्याच म्हणाल्या, "पुढं लय झकास दिसतंय म्हनं. मी बगितलंच न्हाय अजून."

एवढं सांगून कल्पिता म्हणाली, "माझ्याच बोटानं काढले गं आई मी ते दिवे."

मग तिनं मला बंद केलं आणि दुसरं चित्र करायला घेतलं. कोणी सांगितलेलं नसताना. मागचं दार, विहीर, कपड्यांची दोरी, हिरवी प्लास्टिकची बादली. आणि वाटेवर अशा चित्रांत टाकतात ती आयती बाहुली नाही, तर हात गळ्यात बांधलेल्या आवडाबाईच. इतकं कुरूप भावंड मी कधी पाहिलं नव्हतं.

तिनं ते दिपेशला दाखवलं. "ह्यात डिझाइन काय आहे?" त्यानं विचारलं.

"काही नाही. काकी चालताना दिसतायत, एवढंच."

तो म्हणाला, "उद्याच माणूस पाठवा."

अमिषानंही चित्र पाहिलं. "चालेल. फक्त ती बादली पांढरी कर."

कल्पितानं बादली पांढरी केली. दिवे लागले. आवडाबाई आता येताजाता बटण दाबतात आणि कामापुरता उजेड घेऊन लगेच मालवतात. विहीर काही रात्रभर बघत बसायची वस्तू नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणि मी? खाऱ्या वाऱ्यानं खऱ्या बागेतले दिवे गंजू लागलेत, तळ्यात शेवाळ धरलंय, पण दिपेश पाहुण्यांना फोनवर अजून मलाच दाखवतो. त्या दुसऱ्या चित्राची कोणाला आठवण नाही. कल्पिताकडे नवी गिऱ्हाइकं येतात आणि माझ्यावर बोट ठेवून म्हणतात, "असंच हवं!" आता काम घेण्याआधी ती त्यांच्या घराला मागून वळसा घालून येते; गिऱ्हाइकं मात्र तोवर मोबाइलवर मला बघत बसतात.

तुम्हीही मला बघाल. जरूर वाहवा करा, मला ती आवडते. फक्त तेवढ्यात घरातलं कोणी दिसत नसेल, तर मागच्या दाराशी जाऊन एक हाक मारा.