लाल्याचा मालक

"ही सही तुझीच ना, भीमराज?"

नगरपंचायतीचे मुख्याधिकारी ठोंबरे साहेबांनी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. भीमराजनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. वाचायची काही गरज नव्हती. वॉर्ड चार, लाल नर कुत्रा, गळ्यात पट्टा असल्याने सोडला. मालक : भीमराज तुळशीराम मुनेश्वर. खाली सही.

"हौ जी. माहीच."

"मग झालं तर! कुत्रा तुझा, चावला तुझा. त्या बाईनं नगरपंचायतीकडे भरपाई कशाला मागायची?"

बावीस वर्षं भीमराज या नगरपंचायतीत कंत्राटावर नळ सोडत होता. सकाळी पाच वाजता लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचं, वॉर्डावॉर्डाचे व्हॉल्व्ह उघडायचे, तासाभरानं बंद करायचे. पाणी उशिरा आलं तर शिव्या त्याला, गढूळ आलं तरी त्यालाच. या सबंध फेरीत त्याच्यामागं चालणारा जीव एकच, लाल्या. लाल्या कोणाचाच नव्हता. गल्लीतलं प्रत्येक घर त्याला भाकर टाकायचं, आणि रात्री तो ज्याच्या ओट्यावर झोपेल त्याचा.

दिवाळीनंतर कुत्री पकडणारी गाडी येणार, हे भीमराजला आदल्या दिवशी ऑफिसातच कळलं. गाडीत गेलेली कुत्री परत येत नाहीत, असं गल्लीत सगळेच म्हणत. त्यानं बाजारातून पोळ्याला वासराच्या गळ्यात बांधतात तसला लाल पट्टा आणला आणि लाल्याला बांधला. गाडीवाला म्हणाला, पट्टा ठीक आहे, पण मालक कोण? सही लागेल. भाकर टाकणारी अख्खी गल्ली दारात उभी होती. एकही माणूस पुढं झाला नाही. मग भीमराजच म्हणाला, "माहा हाये," आणि सही करून मोकळा झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! गाडीनं नेला असता तर निदान रेबीजचं इंजेक्शन टोचून परत आणला असता. पण हे शहाणपण नंतरचं.

दोन महिन्यांनी त्याच लाल्यानं शेजारच्या उर्वशीच्या पोरीचं, दिपालीचं, तोंड फाडलं. सात वर्षांची पोर ओट्यावर बसून बिस्कीट खात होती. काय झालं, कसं झालं, कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी लाल्या नाल्याकाठी मेलेला सापडला. कोणी मारला, हेही कोणी विचारलं नाही.

यवतमाळच्या दवाखान्यात सगळी इंजेक्शनं झाली, पोर वाचली. गालाची जखम भरली, पण उजवी पापणी भरून आली नाही. डोळा मिटतच नव्हता. नागपूरचा डॉक्टर म्हणाला, तीन महिन्यांत ऑपरेशन करा, नाहीतर डोळा कोरडा पडून नजर जाईल. सरकारी योजनेत ते बसत नव्हतं. उर्वशी अंगणवाडीत मदतनीस, नवरा हैदराबाद रोडच्या ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. तिनं पांढरकवड्याचा वकील गाठला. तो म्हणाला, कुत्रा मोकाट असेल तर नगरपंचायतीकडे भरपाई मागता येईल, पाळीव असेल तर मालकाकडे. तिनं नगरपंचायतीकडे अर्ज केला.

ठोंबरे साहेबांचा आवाज आता मऊ झाला. "हे बघ, उद्या भरपाईच्या समितीपुढे एवढंच म्हण, कुत्रा माझा. ती तुझ्याकडून काय वसूल करणार? तुझ्याजवळ आहे काय? अन् कायम करायच्या माणसांची यादी जूनमध्ये जाते. तुझं नाव मी स्वतः घालतो."

"अन् पोरीचा डोया, साहेब?"

"मी काय डोळ्याचा डॉक्टर आहे?"

इकडे आड, तिकडे विहीर. भीमराज भर दुपारी घरी आला तर दिपाली त्याच्याच घरात चटईवर झोपली होती. उर्वशी अंगणवाडीत गेली की पोर त्याच्या बायकोजवळ, इंदूबाईजवळच असायची. झोपेतही तिचा उजवा डोळा अर्धा उघडाच होता. इंदूबाई दर थोड्या वेळानं त्यावर ओलं फडकं ठेवत होती.

"काय म्हने तुमचा साहेब?"

त्यानं सगळं सांगितलं. इंदूबाई फडकं पिळत राहिली.

"बावीस वर्स झाले वाट पाहून राह्यलो आपन, कायम व्हाची," ती म्हणाली.

"म्हूनच त इचारतो. काय करू?"

"मले कायले इचारता? हिच्याकडं पाहा, अन् मंग सांगा काय सांगाचं ते."

तो पाहू शकला नाही. बाहेर ओट्यावर जाऊन बसला आणि स्वतःलाच आईबहिणीवरून शिव्या घालत राहिला.

समितीत ठोंबरे साहेब धरून तिघं होते. उर्वशी खुर्चीच्या टोकावर बसली होती, मांडीवर दिपाली. भीमराज उभा राहिला आणि एका दमात बोलून गेला, नाहीतर धीर सुटला असता.

"साहेब, म्या त्या दिवशी खोटं लिहून देल्लं. कुत्रं माहं नव्हतं. कोनाचंच नव्हतं. गाडीत नेऊ नये म्हून पट्टा बांधला अन् सही केली."

उर्वशीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

"म्हणजे शासकीय रजिस्टरमध्ये खोटी सही केलीस?" ठोंबरे म्हणाले.

"हौ जी."

"मग आज खरं बोलतोस कशावरून?"

"गल्लीत इचारा न! सारेच भाकर टाकत होते त्याले."

गल्लीतल्या चौघांना बोलावलं. पण तोवर गावभर झालं होतं की ज्यानं भाकर टाकली त्याच्यावर केस होईल. चौघांनीही एकच सांगितलं. "आमी कायले भाकर टाकू जी? भीमराजचाच होता. त्याच्याच मांगं मांगं फिरे." बोलताना एकानंही भीमराजकडं पाहिलं नाही. बरोबर आहे. प्रत्येकाला आपलं घर आहे, आणि भीती कोणाला चुकली आहे?

पंधरा दिवसांनी दोन कागद निघाले. उर्वशीच्या कागदात लिहिलं होतं की कुत्रा पाळीव असल्याचं मालकाच्या सहीवरून सिद्ध होतं, सबब अर्ज नामंजूर. भीमराजच्या कागदात लिहिलं होतं की रजिस्टरमध्ये खोटी सही केल्याची त्यानं कबुली दिली, सबब सेवा समाप्त. एका कागदात सही खरी, दुसऱ्यात तीच सही खोटी. दोन्हीवर शिक्का एकच. भीमराजनं चावी ऑफिसात जमा केली आणि पावती मागितली. "चावीची कायची पावती?" म्हणून बाबू हसला.

तीन महिन्यांतले आता अठरा दिवस उरले होते. त्या संध्याकाळी उर्वशी आली ती दारातच उभी राहिली.

"आत ये न वो. काहून उभी?" इंदूबाई म्हणाली.

उर्वशी आत आली, पण बसली नाही. हातात वकिलानं केससाठी भरून आणायला दिलेला माहितीचा कागद होता.

"काका, वकील म्हन्ते, आता मालकावरच केस टाका लागते. दुसरा रस्ता नाई. थ्यो म्हन्ते, केस टाकल्याचा कागद दाखवला त नागपूरची एक संस्था निम्मे पैसे आत्ताच देते."

"टाक न मंग."

"काका, तुमच्या घरावर येईन ते."

"येऊ दे. दोन खोल्या त हायेत, त्या जातीन. डोया गेला त कोठून आनतं?"

ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. "म्या तुमाले त्या दिवशी काय काय बोलली, काका. कुत्र्यासंगं तुमीबी मरा म्हनलं."

"माय हायेस तू. बोलशीन नाई त काय करशीन? दे तो कागद."

पेनही त्यानंच घेतला. विरुद्ध पक्षाचं पूर्ण नाव, वय, पत्ता. सगळं त्यानं स्वतःच्या हातानं, काना-मात्रा न चुकता लिहिलं. घटना कशी झाली ते लिहिलं, पट्टा कोणी बांधला तेही लिहिलं. इंदूबाई चुलीपुढं पाठ करून बसली होती. ती एकदाही वळली नाही.

शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, विरुद्ध पक्षाशी अर्जदाराचं नातं किंवा संबंध.

"काका लिहा," उर्वशी नाक पुसत म्हणाली. "दिपाली तुमाले आबा म्हन्ते, थेबी लिहा."

"पागल हायेस का? तसं लिहिलं त थे म्हन्तीन, घरातलेच हायेत, मिळून केलं. केस कच्ची पडन तुही."

त्यानं पेन टेकवला आणि लिहिलं : काही नाही.

मग कागद तिच्याकडं फिरवला आणि जिथं सही करायची तिथं बोट ठेवलं.