टेलिफोनमावशींचं स्मृतिपान

"सदस्यांना स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही," इंजिनसाहेबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "पासवर्ड अडला, फोटो चढेना, काहीही असो, उत्तर मंचावरच द्यायचं. एकदा नंबर दिला की लोक डोक्यावर बसतात." मी हो हो म्हटलं आणि पुढच्याच महिन्यात एका बाईंना नंबर देऊन बसले. त्यामुळे त्या सकाळी लेक उंच खुर्चीत बसून उकडलेला बटाटा कानात कोंबत असताना फोन वाजला, आणि पलीकडून अगदी शांत आवाजात विचारणा झाली,

"अगं, मी गेलेय का?"

कुठे, असं मी विचारलं. तेव्हा त्या म्हणाल्या, की ते तुम्हीच सांगायचं, तुमच्या मंचावर तसं लिहिलंय. त्यांचं नाव करडं झालं होतं, शेजारी मेणबत्तीचं चित्र आलं होतं, आणि पासवर्ड घातला की 'हे खाते आता बंद आहे' असं उत्तर मिळत होतं. जुन्या नोकरीतल्या एका मैत्रिणीने खात्री करायला फोन केला होता. या बाईंनीच तो उचलल्यावर ती एवढी घाबरली, की न बोलता ठेवून दिला.

"आणि तारीख माझ्या जन्माच्या आधीची टाकलीय," त्या म्हणाल्या. "म्हणजे जन्मायच्या आधीच आटोपले. सगळा त्रासच वाचला."

या टेलिफोनमावशी. वय पंचाहत्तरीच्या पुढे. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, लोकांचे फोन एकमेकांना जोडून देण्यात. लग्न केलं नाही, घरात एकट्या. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांना पडद्यावरची अक्षरं दिसेनात, म्हणून एकदा मी फोनवरून त्यांना पासवर्ड बदलून दिला, तिथून हे सुरू झालं. पुढे लेक तापाने फणफणली आणि नवरा कामासाठी बाहेरगावी होता, तेव्हा डॉक्टर येईपर्यंत याच बाई माझ्याशी फोनवर बोलत राहिल्या. काय बोलल्या ते आठवत नाही. तो सपाट, न घाबरणारा आवाज मात्र आठवतो. माझा स्वभाव असा, की लेक झोपली तरी तिच्या नाकाशी बोट धरून बघते. अशा माणसाला असा आवाज लागतो.

मंच म्हणजे वंशावळी शोधणाऱ्यांची वेबसाइट. कुणाला पणजोबांचं गाव हवं असतं, कुणाला आईच्या मावशीची मुलं. आपल्या कुळाचं झाड तिथे मांडायचं, प्रश्न टाकायचे, दुसऱ्याच्या झाडाशी आपली फांदी जुळते का बघायचं. ॲडमिन आम्ही दोघं, इंजिनसाहेब आणि मी, दोघंही बिनपगारी. ते जहाजांवर इंजिनिअर होते आणि सर्व्हरबद्दल अजूनही बॉयलरबद्दल बोलावं तसं बोलतात: तापलाय, खोकतोय, आज हात लावू नका. मी गरोदर असताना डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, त्या कंटाळ्यातून या कामात शिरले. नवरा म्हणतो, तू गेलेल्या माणसांची रिसेप्शनिस्ट झालीयेस.

कुणी सदस्य वारला आणि घरच्यांनी कळवलं, की आम्ही त्याच्या नावावर स्मृतीची खूण करतो. खातं बंद होतं, लिहिलेलं सगळं जागच्या जागी राहतं, आणि एक स्मृतिपान उघडतं. तिथे कुणीही दोन ओळी लिहू शकतं. त्या झाडाशी जोडलेल्या सगळ्यांना आपोआप मेल जाते.

मी इंजिनसाहेबांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, थांबा, बघतो. त्यांनी बघेपर्यंत माझ्याकडे आणखी तक्रारी आल्या होत्या. एका गृहस्थांचे वडील त्यांचेच नातू झाले होते. एक बाई स्वतःच्या सासऱ्यांच्या थोरल्या भगिनी ठरल्या होत्या आणि त्यांना त्याचा फार राग आला होता. झालं होतं असं, की रविवारी नवीन अपडेट चढवताना साहेबांनी 'सारखी माणसे जोडा' हे बटण चालू ठेवलं होतं. एकाच माणसाची नोंद दोघातिघांनी केली असेल तर मशीनने त्या नोंदी एक कराव्यात, एवढाच हेतू. पण घराघरांत आजीचं नाव नातीला ठेवतात. नाव एक, आडनाव एक, गाव एक. मशीनने टेलिफोनमावशी आणि त्यांची आजी यांची एकच बाई केली आणि आजीची मृत्यूची तारीख नातीला चिकटवली; तारीख आली म्हणून स्मृतीची खूणही आपोआप लागली आणि पान उघडलं.

"बटण माझं," साहेब म्हणाले. एवढंच. मग लगेच कामाला लागले. शनिवारची प्रत ठेवलेली होती, ती संध्याकाळी परत चढवायची, म्हणजे सगळं होतं तसं होईल. आणि त्यानंतर सगळ्यांना चूक झाल्याचं कळवणारी मेल.

मी मावशींना हे सांगायला फोन केला. त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "ते पान मला वाचून दाखवशील का? भिंग लावून अर्ध्यापर्यंत आले, पण डोळे गळायला लागले."

लेकीला मांडीवर घेऊन मी वाचायला बसले. एक्स्चेंजमधल्या दोघींनी लिहिलं होतं. कुणीतरी लिहिलं होतं, की यांनीच माझ्या आजोळचा पत्ता शोधून दिला. एकाने नुसतेच हात जोडले होते. मावशी प्रत्येकावर काहीतरी बोलत होत्या. ही माझी खुर्ची पळवायची. हा कोण ते आठवत नाही, पण भला दिसतो. मग मी पुढचं वाचायला लागले आणि त्या गप्प झाल्या.

"ताई, तू वेणी फार घट्ट घालायचीस. शाळेत दिवसभर डोकं ठणकायचं. सांगितलं असतं तर तू घालायचं सोडलं असतंस, म्हणून सांगितलं नाही. इथे तू काय लिहितेस ते रोज वाचत होते. फोन करायचा होता. तू उचलशील की नाही, ते कळत नव्हतं. आता उचलणारच नाहीस, म्हणून लिहितेय."

खाली धाकट्या बहिणीचं नाव.

तिच्याबद्दल मावशींनी मला एकदाच सांगितलं होतं. आई आजारी असताना धाकटी तिला आपल्या घरी न्यायला आली होती, गाडी दाराशी उभी करून. मावशींनी पाठवलं नाही. प्रवास सोसणार नाही म्हणाल्या. दोनच आठवड्यांत आई गेली, मावशींच्या घरी. धाकटी आली, कोपऱ्यात बसली, आणि गेली ती गेलीच. त्यानंतर दोघींत शब्द नाही. किती वर्षं झाली ते मी विचारलं नव्हतं. आवाजावरून खूप झाली असावीत.

वाचून संपलं. मग मावशी म्हणाल्या, "साहेबांना म्हणावं, दोन दिवस राहू दे."

"काय राहू दे?"

"मी गेलेलीच बरी आहे दोन दिवस. आज एवढं लिहिलंय, उद्या आणखी लिहील. जिवंत झाले की ती गप्प बसेल. मला ठाऊक आहे तिचा स्वभाव, माझाच आहे."

साहेबांना विचारते म्हटलं आणि फोन ठेवला. साहेब दोन दिवसांना तयार होणार नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि झालेही नाहीत. तेवीस झाडं उलटीपालटी झालीयेत, मॅडम, एका बाईंसाठी बाकीच्यांना त्यांच्या नातवंडांचे नातू करून ठेवू का, असं त्यांनी विचारलं. बरोबरच होतं त्यांचं. शिवाय त्यांनी आणखी एक सांगितलं, जे माझ्या लक्षात आलं नव्हतं. शनिवारची प्रत चढली, की शनिवारनंतरचं सगळं पुसलं जाणार. मावशींचं स्मृतिपान शनिवारी नव्हतंच. म्हणजे बहिणीने लिहिलेलंही जाणार.

मी घरात फेऱ्या मारल्या. लेकीला झोपवलं, नाकाशी बोट धरून आले, पुन्हा फेऱ्या मारल्या. मला राहून राहून दिसत होती ती दुसरीच बाई, जिला मी ओळखतही नव्हते. कुठल्या तरी घरात, कदाचित माझ्यासारखीच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, जिवंत बहिणीसाठी रडणारी.

मावशींना पुन्हा फोन केला आणि जेवढं सरळ सांगता येईल तेवढं सांगितलं. दोन दिवस मिळणार नाहीत. संध्याकाळी पान जाणार. मग न राहवून म्हणाले, "ती तिकडे रडतेय, मावशी."

त्या म्हणाल्या, "सगळ्या गावाचे फोन जोडून दिले मी. भांडलेल्या नवरा-बायकोंचेसुद्धा. हा एक मला जोडता येत नाही."

मी तिला कळवू का, असं मी विचारलं. मंचाच्या वतीने चूक झाली म्हणून कळवायचं असेल तर तो तुमचा अधिकार, म्हणाल्या, पण माझा निरोप म्हणून नको. मी काही निरोप दिलेला नाही. त्या स्पष्ट तसंच म्हणाल्या, दोनदा.

मग मी विचारलं, की बहिणीचं लिहिलेलं उतरवून ठेवू का, किंवा पडद्याचा फोटो काढून ठेवते, पुसलं जायच्या आत. सेकंदभराचं काम.

"नको," मावशी म्हणाल्या. "ते तिने गेलेल्या बहिणीला लिहिलंय. मी कोण ते ठेवून घेणारी? फक्त एकदा पुन्हा वाच. सावकाश वाच."

मी वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत, सावकाश.

सदस्यांचे नंबर ॲडमिनला दिसतात आणि ते वापरायचे नसतात. धाकटीचा नंबर मी वापरला. मंचाकडून बोलतेय म्हटलं, एक तांत्रिक चूक झालीये, आपल्या भगिनी सुखरूप आहेत. मी ही वाक्यं तीनदा घोकली होती. मागे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

"म्हणजे ताई आहे."

"हो."

"ते पान तिने बघितलं?"

खोटं बोलता आलं असतं. संध्याकाळी पान जाणारच होतं, कुणाला कळलं असतं? मी हो म्हटलं.

"सगळं?"

"हो. मीच वाचून दाखवलं."

मग ती बाई जरा कोरड्या आवाजात म्हणाली, की मी आत्ताच रडून मोकळी झाले होते, आता काय करू? लगेच तिने विचारलं, ताईला दिसत नाही का, तुम्हाला का वाचायला लागलं. मी ऑपरेशनचं सांगितलं. कुठल्या डोळ्याचं, तिने विचारलं. दोन्ही, म्हटलं. सोबत कोण होतं? कुणी नव्हतं, टॅक्सीने गेल्या आणि टॅक्सीने आल्या. एवढं ऐकून तिने फोन ठेवला. धन्यवाद म्हणाली नाही, रागावलीही नाही.

संध्याकाळी साहेबांनी मंच बंद केला. आम्ही दोघं फोनवर राहिलो, ते तिकडून सांगत होते आणि मी इकडून एकेक झाड तपासत होते. वडील पुन्हा वडील झाले. सासऱ्यांच्या भगिनी पुन्हा सून झाल्या आणि त्यांनी ताबडतोब आभाराचं लांबलचक पत्र टाकलं. मावशींचं नाव करड्याचं काळं झालं, मेणबत्ती गेली. स्मृतिपानाच्या जागी 'असे पान सापडले नाही' एवढीच ओळ होती. साहेबांनी विचारलं, झालं का त्या बाईंचं? झालं म्हटलं. ते म्हणाले, मी त्यांना स्वतः माफीचं लिहितो, आणि घसा खाकरून पुढे म्हणाले, तुम्ही नंबर दिलात ते एका परीने बरं झालं. परत देऊ नका.

मी मावशींना कळवायला फोन केला. एंगेज. लेकीला खायला घातलं, पुन्हा केला. एंगेज. रिसीव्हर नीट ठेवला नसेल असं वाटलं. मग वाटलं, चक्कर आली असेल, रिसीव्हर लोंबकळत असेल. माझं डोकं असंच चालतं. नवरा घरी आला तर मी चप्पल घालून दारात उभी, आणि जायचं कुठे ते मलाच माहीत नव्हतं. त्याने माझ्या हातातून फोन घेतला, एकदा लावून बघितला, आणि म्हणाला, "अगं, एंगेज आहे म्हणजे कुणीतरी बोलतंय."

सकाळी मावशींचाच फोन आला. आवाज पार बसलेला. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, की एवढं बोलायची सवय राहिली नाही, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतेय.

काय बोललात, असं मी विचारलंच. गुडघे, त्या म्हणाल्या. तिचेही गेलेत. तिच्याकडे पाणी कमी दाबाने येतं. तिने मांजर पाळलंय, मला मांजरं आवडत नाहीत हे माहीत असून. डोळ्यांची औषधं कधी घालायची, कुठली आधी, कुठली नंतर, हे तिने मला दोनदा सांगितलं, जसं काही डोळे तिचेच आहेत.

"आणि वेणीचं?"

"ती बोलली नाही," मावशी म्हणाल्या. "मीही काढलं नाही." मग जरा थांबून, "आईचंही नाही."

धाकटी येणार आहे का, तेही मी विचारलं. ते अजून ठरलं नाही, म्हणाल्या. ठेवते म्हणाल्या, आणि ठेवला.

हे मी एवढ्यासाठी लिहिलं. तुमच्याही फोनमध्ये असं एखादं नाव असेल, ज्याची खबर तुम्ही नेहमी दुसऱ्या कुणाकडून तरी काढता. बरी आहे ना, हिंडते-फिरते ना, डोळ्यांचं काय झालं. आज ती खबर स्वतः घ्या. बोलायला काही सुचलं नाही तर गुडघ्यांचं विचारा. आणि लाइन एंगेज लागली तर घाबरू नका, थोड्या वेळाने पुन्हा लावा.