मी अडकलो नव्हतो

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. घराचा नव्हे, पाण्याचा. मित्रांनो, घराच्या दरवाजाला निदान पाहुणे तरी दिसतात. मला शंभर वर्षे पाणी दिसत आले आणि पाण्याच्या दोन्ही अंगांना शेतकरी. दोघांत पाणी मला जास्त सरळ वाटते.

इंग्लंडातल्या सॉमरसेटच्या सखल कुरणांत एका चरावर मला बसवले. वरच्या अंगाला एव्हिस हेम्ब्रोबाईंची गाईंची कुरणे, खालच्या अंगाला लायनल कर्लचे शेत. उन्हाळ्यात मला खाली सोडायचे, म्हणजे चर भरलेला राहतो आणि गाई ओलांडून जात नाहीत. हिवाळ्यात वर उचलायचे, म्हणजे पाणी लायनलच्या चरातून पंपाकडे आणि तिथून नदीत जाते. पूर आलाच तर दोघांनी निम्मा निम्मा सोसायचा. खालच्याने वरच्याचे पाणी घ्यायचे, म्हणून मला फिरवायची मूठ मानाने खालच्याच्या घरी. इतका साधा रिवाज आहे.

लायनलचे वडील दर वर्षी थंडीआधी माझ्या आट्यांना ग्रीस चोपडत आणि पाठीवर थाप मारत. "काय दरवाजा आहे!" असे ते पाहुण्यांनाही सांगत. पाहुणे दरवाजा पाहायला आलेले नसत, तरीही.

वडिलांमागे लायनलने आपले कुरण नांगरून गहू पेरला. गवत दोन आठवडे पाण्याखाली राहिले तरी पुन्हा उठते. गहू उठत नाही. हे इथल्या गाईंनाही ठाऊक आहे.

मग तो हिवाळा आला. नोव्हेंबरात लागलेला पाऊस फेब्रुवारीपर्यंत थांबला नाही. एक पुढारी नवे कोरे बूट घालून आले, पाण्याकडे गंभीरपणे पाहून गेले. जानेवारीतल्या एका रविवारी, सगळा गाव भाजलेल्या मांसावर रस्सा ओतत असताना, लायनल मूठ घेऊन आला आणि त्याने मला खाली सोडले. अकरा फेरे. मी कुरकुरलोही नाही. इमानी वस्तूंचे हेच चुकते.

एव्हिसबाईंच्या कुरणावर सात आठवडे पाणी उभे राहिले. गवत काळे पडले, त्याला वास सुटला. बेचाळीस गाई ट्रकांतून डोंगराकडच्या परक्या गोठ्यांत गेल्या. एकोणीस परत आल्या, बाकीच्या तिथेच विकाव्या लागल्या. आणखी एक असा हिवाळा आला तर उरलेल्याही जाणार, हे बाई कुणाला बोलल्या नाहीत. मला बोलल्या.

मार्चमध्ये चरांची देखभाल पाहणाऱ्या गावच्या कमिटीची फेरी निघाली.

"दरवाजा खाली कसा, लायनल?" अध्यक्ष मॉरिस स्टकींनी विचारले.

"अडकला हो. उन्हाळ्यात खाली गेला तो वर येईचना. जुना झालाय. माझा काय दोष?"

"ख्रिसमसला वर होता," एव्हिसबाई म्हणाल्या. "या डोळ्यांनी पाहिलाय."

"एव्हिसबाई, चष्मा बदला."

सगळे हसले. लायनलकडची सफरचंदाची दारू सगळ्यांची मघाशीच पिऊन झाली होती. मॉरिसनी वहीत लिहिले: दरवाजा नादुरुस्त. मूठ फिरवून पाहावी असे कुणालाही वाटले नाही, कारण आता ते लिहिलेलेच होते. त्यांनी साखळी बांधून मला ट्रॅक्टरने वर ओढले. माझा दांडा वाकला. "नवा येईपर्यंत वरच राहू दे," असे ठरले.

मित्रांनो, त्या दिवशी मी सूड घ्यायचा ठरवला. दरवाजाकडे त्याची साधने फार नसतात. माझ्याकडे गंज होता आणि वेळ होता.

उन्हाळ्यात मी वरच, म्हणून चर आटला. एकोणीस गाई शांतपणे ओलांडून लायनलच्या परसात गेल्या आणि त्याचा कोबी खाऊन आल्या. दरवाजा खाली सोडा, असे म्हणायची त्याला सोय नव्हती. ग्रीस लावायचीही नव्हती; नादुरुस्त दरवाजाला ग्रीस लावताना दिसला असता तर लोकांनी काय विचारले असते? मी आटा न् आटा मनापासून गंजवत राहिलो. गहू मात्र त्याने पुन्हा तिथेच पेरला.

पुढचा हिवाळा आणखी ओला निघाला. जानेवारीत, पुन्हा रविवारी, लायनल मला खाली सोडायला मूठ घेऊन आला. त्याने जोर लावला, तेल ओतले, हातोडा घातला, माझ्या आईचा उद्धार केला. मी ओतीव लोखंडाचा, आईचा विषय मला लागत नाही. मी हललो नाही. पाणी गव्हावर चढले. त्याच्या एकतीस मेंढ्या बांधाच्या टोकाला गोळा होऊन ओरडू लागल्या.

तेवढ्यात एव्हिसबाई ट्रॅक्टरला ट्रेलर जोडून आल्या. शेजारी पूर पाहायला निघालेले मॉरिस बसले होते.

"काय रे राजा, अडकला का?"

"खरंच अडकलाय, एव्हिस! शपथ घेतो."

"जुना झालाय. तुझा काय दोष."

"मेंढ्या ने ना तुझ्या गोठ्यात. पाणी बघ कसं चढतंय!"

"नेते की, त्यासाठीच आले. फक्त एक सांग. गेल्या वर्षी अडकला होता का?"

लायनलने मेंढ्यांकडे पाहिले. पाणी त्याच्या बुटात शिरले.

"नव्हता."

"मला काय सांगतोस? मला माहीत होतं. ज्याच्यावर आळ घेतलास त्याला सांग. आणि जरा मोठ्यानं, मॉरिसचे कान गेलेत."

लायनलने टोपी काढली आणि माझ्याकडे वळला. "तू अडकला नव्हतास," तो ओरडला. "मीच तुला खाली सोडलं."

मॉरिसनी वही काढून पावसातच लिहिले.

समोरच्याने चूक कबूल केली की मन विरघळावे, असे पुस्तकांत असते. मी विरघळलो नाही आणि हललोही नाही. मेंढ्या वाचल्या, गहू कुजला. पुढच्या दोन आठवड्यांत एव्हिसबाईंच्या कुरणावरचे पाणी ओसरले आणि एकोणीस गाई एकोणीसच राहिल्या.

आता मी गवतात आडवा पडलो आहे. शेजारी नवा दरवाजा चकाकतो. त्याची मूठ एव्हिसबाईंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. रिवाज मोडला म्हणून कुणी तक्रार केलेली नाही, लायनलने तर नाहीच.

मित्रांनो, तुमच्याकडे काही जुने असेल तर त्याला वेळच्या वेळी तेल द्या. ते जमले नाही तरी एक वेळ चालेल, पण आपली लबाडी त्याच्या नावावर खपवू नका. आम्ही बोलत नाही. आम्ही पुढच्या पावसाची वाट पाहतो.