दीपूचा हुंकार

खुर्चीचा मागचा पाय कोठीच्या उंबऱ्याला अडकला, तसा अंबूताईंनी पदर खोचला, खुर्ची जराशी तिरकी केली आणि दोन्ही हातांनी कवेत घेऊन ती बाहेर ओढली. सागवानाचं वजन काही थोडं नव्हतं. सटवाजी मेस्त्रींनी ती करून आणली तेव्हा म्हणाले होते, "वैनी, पोरगी म्हातारी होईल, पण ही खुर्ची डगमगायची नाही." त्यातलं अर्धंच खरं झालं.

ओट्यावर आणून त्यांनी ती ओल्या फडक्यानं पुसायला घेतली. पाठीची उंच फळी, डोकं कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना शिवून लावलेल्या छोट्या गाद्या, पोटावरून बांधायला नवऱ्याच्या, जयतीर्थरावांच्या, जुन्या होल्डॉलचा पट्टा. समोरच्या आडव्या फळीच्या कडेला दातांच्या खुणा होत्या. फडकं तिथं आलं की हात आपोआप हलका व्हायचा.

हुबळीला विद्यानगरात अशी खुर्ची लागणाऱ्या मुलांची एक लहानशी शाळा निघाली होती. तिथली गाडी बारापर्यंत येणार होती. दीपूला जाऊन पाच वर्षं झाली, खुर्ची कोठीत धूळ खात पडलेली. "कुणा लेकराला तरी होईल," असं अंबूताई स्वतःच म्हणाल्या होत्या. दीपूचा विषय निघाला की जयतीर्थराव वर्तमानपत्राचं पान उलटत. लेकीला जाऊन पाच वर्षं झाली, तेवढीच वर्षं अंबूताई हा पान उलटल्याचा आवाज ऐकत आल्या होत्या. आज तर ते चहा घेऊन सकाळीच वाचनालयात निघून गेले होते.

माळमड्डीच्या त्या गल्लीत दीपूचं नाव आता कुणी काढत नसे. काढलंच, तर "सुटली बिचारी" एवढंच. कशातून सुटली, असं अंबूताईंना विचारावंसं वाटे. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी, नुसती वाफ फुसफुसू लागली की हसायला लागणारी पोर. गेलेली वीज परत आली की मनगटावर मनगट आपटून टाळ्या. द्वादशीला पहाटे पारण्याचा पहिला घास तिच्या तोंडात पडायचा, तो गालात धरून तासभर बसायची, जणू कुणी हिसकावून नेईल. यातून सुटली? पण हे बोलायचं कुणाशी? देवाशी बोलावं, तर त्याला आधीच सगळं ठाऊक.

आणि तो हुंकार. तेरा वर्षांत दीपूच्या तोंडून एकच शब्द फुटला, 'हू'. अंबूताईंना सकाळचं मौन असे. आंघोळ झाल्यापासून पूजा आटोपेपर्यंत शब्द काढायचा नाही, हा लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. कुणी काही विचारलंच, तर मिटल्या ओठांनी 'हूं' एवढंच. दीपू देवघराच्या दाराशी खुर्चीत बसून ते सगळं बघायची. पाच वर्षांची असताना एक दिवस तीही म्हणाली, हू.

"माझं मौन उचललंय हिनं," अंबूताई कौतुकानं सांगत सुटल्या होत्या.

मग काय, आंघोळ करूया? हू. वरणभात खाणार? हू. बाहेर बसूया? हू. कशालाच नाही म्हणून नाही. एवढंच, की उत्तर देताना ती डोळ्यांत बघत नसे, कानाच्या मागं कुठंतरी बघे. डॉक्टर म्हणाले, नजर ठरत नाही तिची.

अठ्ठ्याण्णव साली मांड्या फारच आखडल्या. खुर्चीत बसवलं तरी कळवळायची. बेंगळूरला ऑपरेशन करायचं ठरलं. जयतीर्थरावांचं मन घेत नव्हतं. निघायच्या दिवशी याच ओट्यावर अंबूताई तिच्यापुढं उकिडव्या बसल्या आणि विचारलं, "दीपू, जाऊया ना ग? पाय बरे करून आणूया?" दीपू म्हणाली, हू. एकदा नाही, दोनदा.

ऑपरेशन नीट पार पडलं. आठव्या दिवशी तापात ती गेली. कुणाची चूक नाही, असं सगळेच म्हणाले. अंबूताईंनी त्या दिवसापासून फुलं सोडली. केसांत माळायचं सोडलं, देवालाही अंगणातली तुळसच. आणि मन खायला उठलं की त्या एकाच गोष्टीला धरून बसायच्या. मी तिला विचारलं होतं. ती हो म्हणाली होती.

"हूवा री, हूवाऽऽ..."

गल्लीच्या तोंडाशी नीलव्वाची हाक आली. एके काळी ती रोज या दाराशी टोपली उतरवायची. फुलं बंद झाल्यापासून ती समोरून जायची, पण थांबायची नाही. आज खुर्ची बघून तिचा पाय अडला.

नीलव्वा कानडीत बोलायची, अंबूताई मराठीत. आजवर दोघींचं कधी अडलं नव्हतं.

"अक्कार, ही आमच्या पुट्टीची खुर्ची न्हवं?"

'आमच्या पुट्टीची', आमच्या छोटीची, म्हटल्यावर अंबूताईंचा हात थांबला.

"तिचीच. शाळेला देऊन टाकतेय."

"द्या, द्या. लाकूड नुसतं ठेवलं की वाळवीच्या घरी जातं." नीलव्वानं टोपली ओट्याच्या कडेवर टेकवली आणि कंबरेवर हात ठेवून खुर्चीकडं बघत राहिली. "काय लबाड पोर हो, काय लबाड!"

अंबूताईंनी मान वर केली. दीपूला बिचारी म्हणणारे पुष्कळ भेटले होते. लबाड कुणी म्हटलं नव्हतं.

"लबाड?"

"न्हवं तर काय! तुम्ही आत देवाजवळ तोंडाला कुलूप घालून बसलेल्या. मी इथून 'हू बेकेन् री?' म्हणायचा अवकाश, की ही आतून ओरडणार, हू! आणि उन्हाळ्यात तुम्ही हिला इथं ओट्यावर ठेवायचा, तेव्हा तर मज्जाच. एक फूल दिलं की मुठीत दाबायची. लगेच टोपलीकडं बघून, हू! दुसरं दिलं की ते थेट तोंडात. मी म्हणायची, अगं भवाने, सासरी जाऊन फुलांची भाजी करणार काय? की हसून हसून सगळी लाळ माझ्या हातावर." नीलव्वानं आपला हात उलटा करून बघितला, जणू अजून ओला असावा. "तिच्या मुठीत काही पडल्याशिवाय मला या दारातून हलू देत नव्हती."

अंबूताई हसल्या. आपण हसलो हे त्यांना जरा उशिरानं कळलं. मग म्हणाल्या,

"अगं, ती हूं म्हणायची. हो म्हणायची ती. माझं बघून शिकली होती."

"हो कसलं, अक्कार?" नीलव्वानं टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला सारलं. आत अबोली, शेवंती, थोडा मरवा. "हो म्हणणाऱ्याचं तोंड मिटलेलं असतंय. हिचं तोंड असं गोल. हू. हू म्हणजे हूच की!"

अंबूताईंचा जन्म याच मुलखातला. कानडीत हू म्हणजे फूल, 'हू बेकेन् री' म्हणजे फुलं हवीत का, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. बाजारात, मठात, शेजारणीशी बोलताना दिवसातून दहा वेळा तो शब्द त्यांच्याही तोंडी असायचा. फक्त घरात, उंबऱ्याच्या आत, त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. घरात मराठी बोलत.

"शेवटच्या दिवशीसुद्धा बघा," नीलव्वा आपल्याच नादात होती. "टॅक्सी दाराशी, तुमची घाई चाललेली. तुम्ही तिच्यापुढं बसून काहीतरी बोलत होता, आणि मी ही अशी तुमच्या पाठीमागं टोपली घेऊन उभी. हिचं आपलं एकच, हू, हू. शेवटी अबोलीची वीतभर माळ दिली तिच्या हातात. काय घट्ट धरली!"

ओलं फडकं अंबूताईंच्या हातातच राहिलं होतं. त्याचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं.

दवाखान्यातून परत आणलेल्या कपड्यांत एक वाळकी माळ निघाली होती. कुणीतरी उशाशी प्रसाद ठेवला असेल, असं समजून त्यांनी ती कपाळाला लावून तुळशीत टाकली होती.

"देऊ काय आज थोडी?" नीलव्वानं विचारलं.

अंबूताई हातातलं फडकं पिळत राहिल्या. नीलव्वानं चुंबळ नीट केली, टोपली डोक्यावर घेतली आणि "बरं, उद्या येते" म्हणून पुढं निघाली.

साडेबाराला गाडी आली. खुर्ची उचलताना ड्रायव्हरनं पुढच्या फळीवरून बोट फिरवलं.

"उंदरानं खाल्लंय काय हो हे?"

"नाही," अंबूताई म्हणाल्या. "माझ्या मुलीनं."

तो ओशाळला. मग काय वाटलं कोण जाणे, खुर्ची गाडीत टाकण्याआधी त्यानं खाली एक पोतं अंथरलं.

जयतीर्थराव दिवेलागणीच्या जरा आधी आले. पाय धुतले, ओट्यावरच्या रिकाम्या जागेकडं एकवार बघितलं आणि झोपाळ्यावर बसले. अंबूताईंनी चहा आणून दिला.

"नेली?"

"नेली."

बशीत ओतलेल्या चहावर ते फुंकर घालत राहिले. वर्तमानपत्र मांडीवर होतं.

"नीलव्वा थांबली होती आज," अंबूताई खांबाला टेकून म्हणाल्या. "ती म्हणत होती, दीपू ते हू म्हणायची ना, ते म्हणजे..."

"फूल," जयतीर्थराव म्हणाले.

अंबूताई त्यांच्याकडं बघत राहिल्या. पान उलटलं जाईल असं त्यांना वाटलं. पण त्यांनी वर्तमानपत्राची घडी घालून ते बाजूला ठेवलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आधी फूल," ते सावकाश म्हणाले. "मग तू."

"मी?"

"कानामागं सदा अबोली माळलेली असायची तुझ्या. तुझ्याकडं बघताना ती कुठं बघायची सांग." त्यांनी बशी खाली ठेवली. "एकादशीला तू मठात गेलीस, की संध्याकाळभर दाराकडं तोंड करून हू, हू. मी कडेवर घेऊन अंगणात हिंडवायचो. फूल तोडून दिलं तर भिरकावून द्यायची. तू फाटकाची कडी वाजवलीस की मग गप्प."

अंगणात तुळशीपाशी एक चिमणी उतरली, उडाली. अंबूताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"पाच वर्षं मला सांगितलं नाहीत."

"तू म्हणायचीस, ती हो म्हणाली होती." जयतीर्थराव झोपाळ्याच्या कडीकडं बघत होते. "तेवढं एकच धरून उभी होतीस तू, अंबू. ते कसं काढून घेऊ?"

चहावर साय धरली. दोघांपैकी कुणीच दिवा लावायला उठलं नाही. मग अंबूताई उठल्या, देवापुढं निरांजन लावलं आणि त्या रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ तिथंच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांची गाठ मारून त्या पूजेला बसल्या. देवांना आंघोळ घातली, पुसून तबकात ठेवले, गंध उगाळलं. देवघराच्या दाराशी, जिथं आठ वर्षं खुर्ची होती, तिथं शहाबादी फरशीवर तिच्या पायांचे चार घासलेले डाग होते. अंबूताईंनी तुळशीची ताटली पुढं ओढली आणि हात तसाच ठेवला.

"हू बेकेन् री?"

"अगं, अजून पूजा व्हायचीय," ओट्यावरून जयतीर्थराव म्हणाले. "मौन आहे त्यांचं. बोलायच्या नाहीत."

पण अंबूताई उठल्या होत्या. सोवळ्यातच त्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि अलीकडं थांबल्या. नीलव्वानं टोपली उतरवली, फडकं सारलं. अंबूताई नीलव्वाकडं बघत नव्हत्या, त्या टोपलीकडं बघत होत्या. एरवी मिटलेले असायचे ते ओठ उघडले, गोल झाले.

"हू," त्या म्हणाल्या.

नीलव्वानं अबोलीची माळ उचलली आणि कोपरापासून बोटांपर्यंत, एक हात, दोन हात मापली.

झोपाळ्यावर वर्तमानपत्र उघडंच होतं. पान उलटल्याचा आवाज आला नाही.