सदतीस नंबरचं हसू

समोरचा माणूस हसला की मला आधी त्याची हिरडी दिसते. वीस वर्षं लोकांचे वाकडे दात सरळ करतेय, दुसरं काय होणार? नवरा म्हणतो, "हिच्यासमोर जांभई द्यायचीही सोय नाही."

लेकीच्या तर मी हात धुऊन मागे लागले होते. सोळा वर्षांची पोर. वरचे दात किंचित पुढे, आणि हसली की तीन मिलिमीटर हिरडी दिसायची. मी मोजली होती. वरच्या दोन दाढा काढायच्या, त्या जागेत पुढचे दात मागे घ्यायचे, तारा लावायच्या, असा माझा बेत.

"माझे चांगले दात का काढायचे?" ती विचारायची.

"तुला हसणं शोभत नाही म्हणून," मी एकदा बोलून गेले.

वर्षभर कटकट चालली. शेवटी कंटाळून ती म्हणाली, "कर बाई, तुला काय करायचं ते." आज सकाळी माझ्याच दवाखान्यात, शेजारच्या खुर्चीवर, आमच्या सर्जननी तिच्या दोन दाढा काढल्या. दोन्ही धडधाकट. तिला बाबांबरोबर घरी पाठवून मी कामाला लागले.

दुपारी डेंटल कॉलेजची एक विद्यार्थिनी आली. खरं तर ती सोमवारीच येणार होती, मला वेळ नव्हता म्हणून मी तीन दिवस पुढे ढकललं. हसू छान की वाईट हे दातांचे डॉक्टर कशावरून ठरवतात, हा तिच्या अभ्यासाचा विषय. चाळीस फोटो होते. प्रत्येकात फक्त ओठ आणि दात. नाक, डोळे, हनुवटी सगळं कापलेलं. शंभरपैकी गुण द्यायचे.

मी सपासप देत सुटले. मधली रेघ सरकलीय, पंचेचाळीस. दात फारच बुटके, पन्नास. सदतिसाव्या फोटोवर मात्र थांबले. दात जरा पुढे होते, हिरडीही दिसत होती, पण ते तोंड इतकं मनापासून हसत होतं की मलाही हसू आलं.

"ब्याण्णव," मी म्हणाले. "आणि याला कुणी हात लावला तर खबरदार!"

"मॅडम, एवढे तुम्ही कुणालाच दिले नाहीत," म्हणत तिने आकडा लिहून घेतला.

संध्याकाळी घरी आले. लेक सोफ्यावर गालाला बर्फाची पिशवी धरून बसली होती.

"आई, सदतीसला किती दिलेस?"

"कुठल्या सदतीसला?" मी चप्पल काढत विचारलं.

"आज फोटो बघितलेस ना? त्यातला सदतीस नंबर माझाय. तू त्या अभ्यासाबद्दल बोललीस, तेव्हा मी त्या डेंटल कॉलेजात जाऊन फोटो काढून आले. म्हटलं, चेहरा न बघता तू काय म्हणतेस ते दात काढायच्या आधी कळेल. पण तू सोमवारचं आजवर ढकललंस."

एक चप्पल पायात तशीच ठेवून मी खाली बसले. तिच्या दातांचे साचे, एक्स-रे, सगळं माझ्या कपाटात आहे. मग मी ओळखलं कसं नाही? साचा हसत नाही. आणि ती माझ्यासमोर वर्षभर हसली नव्हती. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं, याची मला तिथे बसल्या बसल्या भयंकर लाज वाटली.

"चाळीसच्या आत असतील ना?" ती म्हणाली. "असू देत. म्हणजे काढले ते बरंच झालं."

"ब्याण्णव," मी म्हणाले. "सगळ्यांत जास्त."

तिने नकारार्थी मान हलवली.

"आई, मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस."

"अगं, खरंच! शप्पथ!"

"राहू दे गं," ती म्हणाली. तिला माझीच दया आली असावी. पिशवी दुसऱ्या गालाला लावून, तोंडावर हात धरून तिने विचारलं, "तारा कधी लावतेस?"