मिटणाऱ्या फांद्या

नेब्रास्कातल्या त्या तुरुंगाचे सगळे दरवाजे संगणकाच्या पडद्यावर झाडासारखे मांडलेले होते. इमारतीवर क्लिक केलं की मजले उघडायचे, मजल्यावर केलं की दरवाजे. पण कुठूनही धोक्याची खबर आली, की कोलीन व्हर्बाचा प्रोग्रॅम आख्खं झाड पुसून नव्याने भरायचा आणि उघडलेल्या फांद्या मिटून जायच्या. बदललेली तेवढीच ओळ रंगवायला डोकं चालवावं लागतं, आणि कोलीनने सरळ कंटाळा केला होता.

"पोरी, तुझं हे झाड लाजाळूचं आहे काय गं?" नियंत्रण कक्षातला म्हातारा डेलमार स्टुट्झमन तिला चिडवायचा.

"पुढच्या खेपेला करते हो," ती म्हणायची.

त्या दुपारी ती नवी आवृत्ती चढवायला आली होती. अचानक कॅमेऱ्यात दिसलं, दुसऱ्या मजल्यावर तीन कैद्यांनी पहारेकरी लाइल ह्रुस्काला गजांच्या दारापाशी गाठलंय. एकाने मोज्यात कुलूप घालून त्याच्या जबड्यावर हाणलं. रक्त भिंतीवर उडालं. दारापलीकडे मदतीला धावलेले पहारेकरी नुसते गज हलवत होते. ते दार उघडणार फक्त डेलमारच्या क्लिकने.

डेलमारने इमारत उघडली, मजला उघडला. झाड मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

"अगं, काय चाललंय हे?"

कोलीनने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "लाइलच्या कमरेला धोक्याचं बटण आहे ना? तो दाबतोय. दर वेळी खबर येते, झाड नव्याने भरतं."

"मग सांग त्याला, दाबू नको म्हणावं."

सांगणार कसं? लाइलचा वायरलेस एका कैद्याच्या बुटाखाली चुरडला होता. दुसरा त्याच्या छातीवर बसून कुलूप हाणत होता, तोंडावर, कानशिलावर, पुन्हा तोंडावर. आणि लाइलचा एक हात कमरेशी जाऊन जिवाच्या आकांताने बटण दाबत होता.

"दाबू नका हो लाइल," कोलीन पडद्यापुढे रडत म्हणत होती. "तुमच्या पाया पडते, दाबू नका."

डेलमारने पुन्हा इमारत उघडली. मजला उघडला. दरवाजे दिसले, आणि दिसतच राहिले. त्याने हवं ते दार निवडून उघडलं. पहारेकरी आत घुसले.

कोलीनची नजर झाडावरून हलेना. ते आता मिटावं, एकदा तरी मिटावं, म्हणून ती वाट बघत राहिली.